अहवालातली लाख

राखीनं पिशवीतून आधी एक कागद काढला, मग रुमालात गुंडाळलेल्या चार बांगड्या. दोन्ही टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, या बांगड्यांनी माणूस मरू शकतो का, तेवढं सांगा. पाच वाजेपर्यंतच वेळ आहे माझ्याकडे."

देवानंदनं घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. पंचवीस वर्षं हवालदारी केलेल्या माणसाला रडत येणाऱ्या बायका नव्या नव्हत्या. ही रडत नव्हती, म्हणून तो खुर्ची ओढून नीट बसला.

स्नेहल गजभिये त्याची भाची. रसायनशास्त्र शिकली, दहा वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि मग गोंदियात खासगी तपासाचं ऑफिस उघडून बसली. निवृत्त झाल्यापासून देवानंद तिची गाडी चालवत होता. त्याच्या मते अर्धा तपासही तोच करत होता.

"पाचला काय आहे?" स्नेहलनं विचारलं.

"डोंगरगडहून माझे वडील येताहेत. नवऱ्यानं बोलावून घेतलं. पोरगी इथंच ठेवून मी माहेरी जायचं. नाही गेले, तर सुनेनं सासऱ्याला मारायचा प्रयत्न केला अशी पोलिसात तक्रार. पोरगी दोन वर्षांची आहे. दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवतसुद्धा नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. सासरे भोजराज पटले यांचा मुर्रीला लाखेचा कारखाना. जंगलातून आलेली कच्ची लाख वितळवून, गाळून तिथं साफ करतात. दोन वर्षांपासून राखी बारा बायकांना घेऊन तिथंच बांगड्या बनवू लागली होती. फेब्रुवारीत भोजराज दवनीवाड्याला भावाकडे गेले, दोन दिवस राहून परतले आणि त्यांना जबरदस्त दम लागला. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. त्याचा अहवाल म्हणजे हा कागद.

स्नेहलनं तो सावकाश वाचला. "धुळीतले किडे, झुरळ, बुरशी, गाजरगवत... सगळं किरकोळ. आणि शेवटी वेगळी ओळ. लाख, एक्केचाळीस. हे फार आहे."

"त्या दिवसापासून घरातली लाख हद्दपार. बाबूजींनी कारखान्यात पाय ठेवला नाही, चाव्या मला दिल्या. मी कामावरून आले की अंघोळ केल्याशिवाय त्यांच्यासमोर जात नाही. तरी परवा मंगळवारी दुपारी त्यांचा श्वास कोंडला. पलंगाखाली नवऱ्याला लाखेच्या बांगडीचा तुकडा सापडला. माझ्याच नमुन्याचा. दारात उभं राहून, सगळ्या गल्लीसमोर मला खुनी म्हणाले."

"तीस वर्षं ते लाखेत वावरले. कारखान्यात आधी कधी दम लागला होता?"

"कधीच नाही. पण डॉक्टर म्हणतात, ॲलर्जी कोणत्याही वयात सुरू होते."

"ते खरं आहे," स्नेहल म्हणाली. बांगड्यांना तिनं हात लावला नाही. कागद मात्र घडी करून पर्समध्ये टाकला. "मामा, गाडी काढा."

*

डॉक्टर हिमांशु रायपूरकडचे. वय पस्तिशीचं, बोलणं हिंदी-मराठीची खिचडी.

"त्वचेवर टोचून बघतात ती टेस्ट मी केली नाही," ते म्हणाले. "पेशंट ॲलर्जीच्या गोळ्या घेत होता. गोळ्यांनी वो टेस्ट बिघडते. ब्लड टेस्ट नहीं बिगडती. एकेका पदार्थाविरुद्ध रक्तात किती प्रतिद्रव्य आहे, ते मोजतात."

"लाख नेहमीच्या यादीत नसते."

"नाही. फैक्टरीवाले आदमी, इसलिए मुझे शक हुआ. त्यांचे भाऊ इथं बसले होते. त्यांना म्हटलं, लाख का थोडा सैंपल ला दो. लॅबनं त्या सैंपलचा अर्क काढून पेशंटच्या रक्ताशी लावून पाहिला."

"सॅम्पल आणून कोणी दिलं?"

"मॅनेजर. मनिराम. फैक्टरीचं छापील पाकीट होतं, चिकटवलेलं. वर पेननं 'लाख' लिहिलेलं. मी तसंच रक्तासोबत पाठवून दिलं."

"उघडलं नाही?"

"उघडून काय करणार? लाख मी थोडीच ओळखतो!" डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "मंगळवारी ऑक्सिजन ब्याऐंशीवर होता मॅडम. दहा मिनिटं उशीर झाला असता, तर खतम."

बाहेर आल्यावर देवानंद म्हणाला, "रक्तानं सांगितलं लाख, तर लाखच असणार. रक्त काही खोटं बोलत नाही."

"नाही बोलत. पण त्याला काय विचारलं होतं, तेही पाहावं लागतं, मामा."

देवानंदला ते कळलं नाही. कळलं नाही असं सांगायची त्याला सवय नव्हती.

*

मुर्रीच्या घरी राखीचा नवरा कुशल दारातच उभा होता. कडेवर मुलगी. राखीला पाहताच मुलगी झेपावली, तशी त्यानं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आता वकिलीणबाई पण आणल्या का?" तो राखीला म्हणाला.

"वकील नाही मी. खोली पाहायची आहे," स्नेहल म्हणाली. "नंतर तक्रार करायचीच असेल, तर पुरावा पक्का असलेला बरा. नाही का?"

कुशलनं खोली उघडून दिली.

खोली लख्ख होती. पडदे काढलेले, गादीवर नवी खोळ. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सोमवारी नवराबायकोनं मिळून ती धुऊन काढली होती.

"पंखा?"

"मीच पुसला. ओल्या फडक्यानं," कुशल म्हणाला.

"मंगळवारी काय झालं?"

"दहा ते एक लाइट नव्हती, दुरुस्तीसाठी बंद. बाबा ओसरीत बसले होते. उदाराम काका दवनीवाड्याहून आले, ते त्यांच्याजवळ बसले. मधे आत जाऊन पाणी पिऊन आले. मनिराम कागदांवर सही घ्यायला आला. बाबांचा चष्मा खोलीत होता, तो आणायला तोच आत गेला. मी औषधं ठेवायला गेलो. आणि ही," त्यानं राखीकडे न पाहता बोट केलं, "ही चादर बदलायला गेली. एकला लाइट आली. बाबा खोलीत गेले, दार लावलं, पंखा लावला. पाच मिनिटांत ओरडायला लागले."

स्नेहलनं वर पाहिलं. "मामा, चढा स्टुलावर."

"आधी माझ्या गुडघ्याला विचार."

तरी तो चढला. पात्यांच्या मुळाशी, जिथून वारा काही उडवू शकत नाही, तिथं पिवळसर भुकटी बसली होती. तीन दिवसांत धूळ एवढी साचत नाही, हे देवानंदलाही समजलं. त्यानं ती कागदावर झाडून खाली दिली.

स्नेहलनं रुमाल नाकाशी धरला. पर्समधून जखमेला लावतात ती आयोडीनची बाटली काढली आणि भुकटीच्या एका चिमटीवर दोन थेंब टाकले.

"पंख्याला कुठं खरचटलंय का?" देवानंद म्हणाला.

भुकटीचा रंग शाईसारखा निळाकाळा झाला होता. स्नेहल त्याकडे बघत राहिली.

"घरात बेसन खातात?"

"बाबांना भजी फार आवडतात," कुशल म्हणाला. "आठवड्यातून दोनदा. त्यानं कधी काही झालं नाही."

"आणि राखीताई, 'लाख' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?"

राखी गोंधळली. "लाख म्हणजे... बांगड्यांची. और क्या?"

साडेअकरा वाजले होते. निघताना मुलीच्या रडण्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

*

कारखान्यात भट्टीची धग आणि गोडसर जळका वास. मनिराम पन्नाशीचा, काटक. पोत्यातून मूठभर कच्ची लाख घेऊन तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता.

"डोळे मिटून सांगतो, कुसुमाच्या झाडावरची का पळसावरची," तो देवानंदला म्हणाला. "ही पळसाची. हलकी."

"किती वर्षं झाली इथं?"

"बावीस. बावीस वर्षं चाव्या या कमरेला होत्या." तो हसला. "आता सकाळी सूनबाई येईस्तोवर दारात उभं राहायचं. चालायचंच. मालकाची मर्जी."

"मालक येत नाहीत?"

"कसे येतील? रक्तातच निघालं ना, लाख बाधते म्हणून. मी पहिल्या दिवशीच म्हटलं, मालक, जीव मोठा का लाख मोठी? पण सूनबाई रोज इथून घरी जाते. अंगावर, केसांत थोडी का होईना जाणारच. मी काही बोलत नाही."

"बोललातच की," स्नेहल म्हणाली. "डॉक्टरांकडे नमुना तुम्ही पोचवला?"

"हो. उदारामभाऊंनी बंद करून दिला, मी तसाच नेऊन दिला. आत कशी, काय, मी पाहिलंही नाही."

गाडीत बसल्यावर देवानंदनं आपलं मत सांगून टाकलं. "पोरगा आहे हा. कुशल. तुकडा त्यालाच सापडला, तक्रारही तोच करतोय. बायको नकोशी झाली असेल."

"असेलही. पण तो लाखेला भितो का, ते आधी पाहू."

"म्हणजे?"

"दवनीवाडा, मामा. जरा जोरात."

*

उदाराम पटलेंच्या अंगणात लाखोरीचं वाळलेलं पीक पसरलं होतं. धान निघताना त्याच शेतात टाकलेली ही डाळ फेब्रुवारीपासून बडवली जात होती. म्हातारा काठी खाली ठेवून पुढं आला.

"काऊन जी, भाऊ बरा हाय ना?" त्याचा पहिला प्रश्न.

"बरे आहेत. उद्या घरी सोडतील."

"डॉक्टर मोठा हुशार माणूस हाय जी!" उदारामचा चेहरा खुलला. "लहानपणी भाऊ खळ्यावर आला का शिंका सुरू. मंग छाती वाजे. बापानं त्याले शहरातच ठेवलं, शेतीत घातलंच नाही. अन् त्या डॉक्टरनं आपल्या मनानं बरोब्बर धरलं! मले म्हणे, थोडी लाख आणून द्या."

"मग?"

"म्या घरून दळलेली आणली. पेपरात पुडी बांधून मनिरामजवळ देल्ली. त्याले तिकडंच जायाचं होतं."

"पेपरात?"

"आमच्याकडं कुठली पाकिटं जी?"

"मंगळवारी तुम्ही भावाकडे गेला होतात."

"गेल्तो ना. वांगी नेली, संबाराची हिरवी जुडी नेली. म्या तं यंदा लाख नेलीच नाही तिकडं. डॉक्टरनं मना केली ना!"

उदारामच्या बायकोनं आतून गरम वडे आणले. देवानंदनं चार खाल्ले. पाचव्याला हात घालताना त्याला भाचीचा चेहरा दिसला. ती न खाता वडा मोडून आतला रंग पाहत होती.

"उदारामकाका, आमच्यासोबत गोंदियाला चला," ती म्हणाली. "पाचच्या आत पोचायचं आहे."

*

पाचला दहा कमी असताना दवाखान्याच्या खोलीत सगळे जमले. भोजराज उशीला टेकून बसले होते. शेजारी डॉक्टर, हाताशी ऑक्सिजनची नळी. कुशल मुलीला घेऊन खिडकीपाशी. राखी भिंतीला टेकून. मनिराम पायथ्याशी, अदबीनं हात बांधून. उदाराम स्टुलावर. राखीचे वडील दारातच उभे राहिले. आत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मला इतकंच विचारायचं आहे..." असं म्हणत स्नेहल पलंगाजवळ गेली, पर्समधून एक पुडी काढली आणि भोजराजांच्या मांडीवर उलटी केली.

तांबूस लाखेचे खडे चादरीवर पसरले.

"अहो बाई!" कुशल ओरडला. राखी धावत येऊन दोन्ही हातांनी खडे गोळा करू लागली. "बाबूजी, तोंड फिरवा! श्वास घेऊ नका!" भोजराजांनीही भीतीनं चादर तोंडावर ओढली.

त्याच क्षणी स्नेहलनं दुसऱ्या हातातली काचेची बरणी वर धरली. आत पिवळसर पीठ होतं. तिनं झाकणाला हात घातला.

"ओ बाई, काय करून राहिल्या!" उदाराम स्टूल पाडत उठला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. "लाख हाय ते! मारता का माझ्या भावाले?"

"सोडा काका. बेसन आहे हे, आणि बरणी उघडणार नव्हते." स्नेहलनं बरणी खाली ठेवली. "भोजराजजी, चादर काढा. डॉक्टरांना विचारूनच केलं मी. बघा, श्वास कसा आहे?"

भोजराजांनी भीत भीत श्वास घेतला. मग आणखी एक. छाती वाजली नाही.

"तुम्हाला कारखान्यातली लाख कधीच बाधली नाही," स्नेहल म्हणाली. "डॉक्टरांनी उदारामकाकांना लाख मागितली. शेतकऱ्याला लाख मागितली तर तो काय देईल? लाखोरी. दवनीवाड्यात तिलाही लाखच म्हणतात. काकांनी तिचं पीठ दिलं. लहानपणी खळ्यावर छाती वाजायची, फेब्रुवारीत दम लागला तो मळणीच्या दिवसांत दवनीवाड्याहून आल्यावर. त्यामुळे त्यांना वाटलं, डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. प्रयोगशाळेनं पीठ तपासलं आणि खरं तेच सांगितलं. कागदावर शब्द आला, लाख. तो तुम्ही शहरात बसून वाचला."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "हमारे यहाँ तो उसको तिवरा बोलते हैं."

"राखीताईंच्या माहेरीही तेच म्हणत असणार. इथपर्यंत ही नुसती गफलत वाटते. पण मंगळवारी पंख्यावर कुणीतरी भुकटी टाकली. आयोडीननं ती निळीकाळी झाली. म्हणजे पिठूळ पदार्थ. लाखेचा असा रंग होत नाही. बेसन म्हणावं, तर भोजराजजी आठवड्यातून दोनदा भजी खातात. मग उरलं कोणतं पीठ?"

देवानंदला जिभेवर लाखोरीच्या वड्याची चव आठवली आणि त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो न सांगता दाराकडे दोन पावलं सरकला.

"राखीताईंना सासऱ्यांचा जीव घ्यायचा असता तर त्यांनी काय वापरलं असतं? जी बाधते असं त्यांना वाटत होतं, ती. लाखेचा भुगा. त्यांच्याकडे तो पोत्यानं आहे. पण मारणाऱ्यानं काम करायला पीठ वापरलं आणि आळ घालायला बांगडीचा तुकडा. म्हणजे अहवालातला शब्द त्याला बरोबर समजला होता, आणि बाकीच्यांना चुकीचा समजलाय हेही त्याला माहीत होतं."

"उदाराम काका?" कुशल त्यांच्याकडे वळला.

"काकांनी आत्ता माझं मनगट धरलं, पाहिलंत ना? त्यांना वाटतं, पीठ बाधतं हे सगळ्या घराला ठाऊक आहे. म्हणून ते लाखेला घाबरले नाहीत, पिठाला घाबरले. तुम्ही दोघं लाखेला घाबरलात, पिठाला नाही. म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं." तिनं पायथ्याकडे पाहिलं. "मनिरामजी, मालकाच्या मांडीवर लाख पडली तेव्हा तुमचे हात बांधलेलेच होते. जीव मोठा का लाख मोठी, असं सकाळी तुम्हीच म्हणालात."

"मला... सुचलं नाही," मनिराम म्हणाला.

"सुचायचं काय त्यात? ती बाधत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. काकांनी पेपरात पुडी बांधून दिली. तुम्ही म्हणालात, बंद दिलं ते तसंच पोचवलं. डॉक्टरांच्या हातात मात्र कारखान्याचं छापील पाकीट पडलं. म्हणजे पुडी सोडली, पीठ पाकिटात ओतलं, चिकटवलं आणि वर 'लाख' लिहिलं. डोळे मिटून कुसुमाची की पळसाची हे सांगणारा माणूस पीठ ओळखणार नाही?"

मनिरामनं दाराकडे पाहिलं. तिथं देवानंद उभा होता.

"मालक कारखान्यात येणार नाहीत, मग चाव्या कुणाकडे जातील? तुम्हाला वाटलं, तुमच्याकडे. त्या सुनेकडे गेल्या. म्हणून मंगळवारी तसलंच पीठ आणि बांगडीचा तुकडा खिशात घेऊन चष्मा आणायला आत गेलात."

"बावीस वर्षं भट्टीपुढं बसलो," मनिराम म्हणाला. तो भोजराजांशीच बोलत होता. "माझ्याच हातानं तिला लाख गाळायला शिकवली, अन् तिच्यापुढंच सकाळी उभं राहायचं? मरावं असं नव्हतं मनात, मालक. थोडा खोकला येईल, ती घराबाहेर पडेल, एवढंच."

"ब्याऐंशी," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजन ब्याऐंशी था. थोडा खोकला!"

भोजराजांनी मान वळवली. "साहेब," ते देवानंदला म्हणाले, "पोलिसांना बोलवा. तक्रार मी देतो."

देवानंदनं मनिरामच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. व्हरांड्यात बाकावर बसवून, फोन करून तो दारात परत आला, तेव्हा आत कुशल बोलायचा प्रयत्न करत होता.

"राखी, मी... तुकडा सापडला, म्हणून मला वाटलं... चल, घरी जाऊ."

राखी त्याच्यापाशी गेली आणि हात पुढं केले. मुलगी आईच्या गळ्यात पडली. कुशलनं या वेळी खांदा फिरवला नाही.

"का करबे बेटी?" आता काय करायचं, असं दारातून तिच्या वडिलांनी आपल्या छत्तीसगडी बोलीत हळूच विचारलं.

"जाबो बाबू. नोनी घलो जाही." पोरीलाही सोबत न्यायचं, हे तिनं ठरवलं होतं. मग ती सासऱ्यांकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "बाबूजी, आठ दिवस माहेरी राहीन. भट्टी बंद ठेवू नका, बायकांचं काम अडेल."

भोजराजांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले होते.

"आठ दिवसांनी मी येतो तुला घ्यायला," कुशल म्हणाला.

"या. पण आधी माझ्या आईसमोर बसायचं. परवा दारात उभं राहून, सगळी गल्ली ऐकत असताना मला जे म्हणालात, ते तिला सांगायचं."

"ते कसं सांगू मी?"

"जसं म्हणालात तसंच," राखी म्हणाली आणि मुलीला घेऊन वडिलांच्या पुढं चालू लागली.